स्पिंडल सुरू होताच मशीन थांबते: छंदाच्या सीएनसीची कंट्रोल पेटी नव्याने बांधताना

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कोणालाही स्वतंत्रपणे वाचता येईल. आपण ६०० बाय ९०० मिलिमीटरचे राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड-धातू कोरणारे सीएनसी मशीन, बांधले आहे. त्याला नेमा २३ मापाच्या तीन स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या), त्यांना करंट पुरवणारे तीन डीएम५४२ ड्रायव्हर, आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारे जीआरबीएल हे सॉफ्टवेअर आणि दीड किलोवॅटचा, हवेवर थंड होणारा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) त्याच्या व्हीएफडीसह (तिला वीज देऊन तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे. स्पिंडल बंद असताना मशीन तासन्‌तास बिनचूक फिरते. स्पिंडल सुरू केला की काही सेकंदांत ‘अलार्म १’ येतो, म्हणजे लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाशी बसवलेला स्विच) दाबला गेल्याचे कंट्रोलर सांगतो, आणि प्रत्यक्षात तर गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारा सरकता पूल) टेबलाच्या मधोमध उभी असते. सगळे वायरिंग काढून पेटी नव्याने बांधायची तर ती कशी बांधावी, असे आपण विचारले आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ भोसरीत कंट्रोल पॅनेल बांधण्याचे काम केले आहे आणि अलीकडे छंद म्हणून मशीन बांधणाऱ्यांच्या पेट्या दुरुस्त करण्यात माझे बरेच रविवार जातात. आपले लक्षण इतके ओळखीचे आहे, की पेटी न पाहताही एक गोष्ट आधी तपासायला सांगतो. मशीनचा प्लग भिंतीतून काढा, व्हीएफडीतील कपॅसिटर रिकामे होण्यासाठी दहा मिनिटे थांबा (२३० व्होल्ट एसीपासून आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकते), आणि मग स्पिंडलच्या डोक्यावरील चार पिनांच्या कनेक्टरची चौथी पिन व स्पिंडलची धातूची बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटरने सलगता, म्हणजे विजेचा जोड अखंड आहे का, ते पाहा. मीटर वाजला नाही, तर निम्मे दुखणे सापडले असे समजा.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त स्पिंडलमध्ये ही चौथी पिन पुष्कळदा आतून कशालाच जोडलेली नसते. माझ्या स्वतःच्या पहिल्या स्पिंडलची हीच गत होती. केबलमध्ये हिरवी वायर होती, ती व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला व्यवस्थित कसलेली होती, दुसरे टोक कनेक्टरच्या चौथ्या पिनेला सोल्डर केलेले होते, आणि तरीही ॲल्युमिनियमचा क्लॅम्प पुसताना हाताला झिणझिण्या आल्या. डोक्यावरची टोपी उघडली तेव्हा तीन पिनांना मोटरच्या वायरी होत्या आणि चौथी पिन कोरी चकचकीत होती. तिथून एक छोटी वायर टोपीच्या आतील स्क्रूखाली लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून बॉडीला जोडली आणि झिणझिण्या थांबल्याच, शिवाय तोवर अधूनमधून येणारे खोटे अलार्मही निम्म्यावर आले. बॉडी अर्थ नसेल, तर व्हीएफडीच्या वेगवान स्विचिंगमुळे स्पिंडलमध्ये निर्माण होणाऱ्या गळतीच्या प्रवाहाला परतीचा सरळ रस्ता उरत नाही. तो मग गॅन्ट्रीतून, लिमिट स्विचच्या वायरीतून, आर्डुइनोच्या यूएसबीतून आणि शेवटी लॅपटॉपमधून वाट काढतो.

पेटी बांधण्याचा माझा सगळा हिशेब या परतीच्या रस्त्यावर बेतलेला आहे. प्रत्येक वायरीतून जाणारा करंट कुठून निघतो आणि कोणत्या वायरीने परत येतो, हे कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढून पाहावे आणि तो कागद पूर्ण होईपर्यंत स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये. ज्या जागी दोन परतीचे रस्ते एकाच वायरीवर येतात, तिथेच पुढे त्रास होतो.

आता पेटीकडे वळू. माझे पहिले मत ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते: शक्य असेल तर व्हीएफडी पेटीत ठेवूच नये. मशीनच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीवर किंवा टेबलाच्या पायाला त्याची स्वतंत्र जागा करावी. तो उष्णता टाकतो, त्याचा पंखा धूळ ओढतो आणि पेटीतील सर्वांत मोठा विजेचा गोंगाट (सिग्नल बिघडवणारा अडथळा) त्याचाच असतो. जागेअभावी आत ठेवावाच लागला, तर प्लेटच्या एका टोकाला व्हीएफडी, मध्ये मुख्य पुरवठा व एसएमपीएस (एसीपासून डीसी बनवून देणारा पुरवठा) आणि दुसऱ्या टोकाला कंट्रोलर असा क्रम ठेवावा. स्पिंडलची केबल व्हीएफडीच्याच बाजूने, धातूच्या ग्लँडमधून थेट बाहेर काढावी. सिग्नलच्या वायरी आणि ही केबल यांच्यात किमान २० सेंटिमीटर अंतर असावे; त्यांनी एकमेकींना ओलांडणे अटळ असेल, तर काटकोनात ओलांडावे. एकाच पीव्हीसी डक्टमध्ये दोन्ही कोंबून वर झाकण लावले, की पेटी सुबक दिसते आणि मशीन चालत नाही, हे मी फार वेळा पाहिले आहे.

पेटी लोखंडी, पावडर कोटिंग केलेली आणि आत गॅल्व्हनाइज्ड प्लेट असलेली घ्यावी. प्लॅस्टिकची पेटी स्वस्त पडते, पण लोखंडाचा आडोसा तिच्यात मिळत नाही. पंखा बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलणारा लावावा, म्हणजे पेटीत किंचित जास्त दाब राहतो आणि एमडीएफचा भुसा फटींतून आत शिरत नाही. आपण ॲल्युमिनियमही कापणार आहात, आणि त्याचा बारीक किस विजेचा वाहक असल्याने हा फिल्टर आपल्यासाठी शोभेची वस्तू नाही.

पुरवठ्याची बाजू सरळ आहे. दीड किलोवॅटचा सिंगल फेज व्हीएफडी पूर्ण भारावर बारा ते चौदा अँपिअरच्या आसपास इनपुट करंट घेतो. नेमका आकडा त्याच्या पाटीवर पाहावा. म्हणून घरातील सहा अँपिअरचा साधा प्लग चालणार नाही, सोळा अँपिअरचा पॉवर प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. आत शिरताच १६ अँपिअरचा, सी प्रकारचा, डबल पोल (फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी बसवावा. डबल पोल यासाठी, की आपल्याकडील जुन्या घरांत सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलट लागलेले सर्रास आढळतात, आणि तसे असेल तर सिंगल पोल एमसीबी बंद करूनही आत फेज जिवंत राहतो. एसएमपीएससाठी पुढे सहा अँपिअरचा वेगळा एमसीबी द्यावा. घराचा आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) स्पिंडल सुरू होताच पडत असेल, तर तो काढून टाकण्याचा सल्ला शेजारचा वायरमन हमखास देईल. तो मानू नये. व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडी गळती होतच असते आणि साधा एसी प्रकारचा आरसीसीबी अशा भारासाठी बनवलेला नसतो. त्या सर्किटला व्हीएफडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी बसवणे हा उपाय आहे.

आणीबाणीच्या स्विचविषयी मात्र थांबून सांगायला हवे. लाल, भूछत्राच्या आकाराचे बटण आणून ते आर्डुइनोच्या रीसेट पिनेला जोडणे, याला आणीबाणीचा थांबा म्हणता येत नाही. संगणक, यूएसबी किंवा आर्डुइनो अडकले असतानाच ते बटण दाबण्याची वेळ येते, आणि अशा वेळी अडकलेल्यालाच थांबायला सांगून उपयोग नसतो. त्या बटणाने कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा तोडला पाहिजे आणि कॉन्टॅक्टरने व्हीएफडी व मोटरचा एसएमपीएस या दोघांचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडले पाहिजेत. एसएमपीएसची एसी बाजू तोडावी. ड्रायव्हर आणि एसएमपीएस यांच्यामधील डीसी वायर तोडू नये, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही. तसेच व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामध्ये कोणताही स्विच किंवा कॉन्टॅक्टर कधीही घालू नये. चालू स्थितीत तो उघडला तर व्हीएफडीचे आउटपुट ट्रान्झिस्टर जाण्याची भीती असते.

कॉइलचे सर्किट जुन्या कारखान्यांतल्यासारखेच ठेवावे: २४ व्होल्टच्या प्लसपासून आणीबाणीच्या बटणाचा नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्ट, मग हिरवे पुश बटण, मग कॉइल, आणि हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचाच सहायक कॉन्टॅक्ट. हिरवे बटण सोडल्यावर कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो आणि वीज गेली की सुटतो. आपल्याकडे दुपारी वीज जाते, मधेच येते आणि पुन्हा जाते. अशा वेळी हात टेबलावर असताना स्पिंडल आपोआप फिरू लागू नये, याची हमी ही एवढीशी जोडणी देते. कॉइल डीसीची असल्याने तिच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू प्लसकडे ठेवून, लावावा. नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना निघणारा व्होल्टेजचा झटका कंट्रोलरला जाणवतो. वीज तुटल्यावर स्पिंडल लगेच थांबत नाही, काही काळ गतीने फिरत राहतो, आणि झेड अक्षाला बॉलस्क्रू असेल तर तो वजनाने खाली घसरू शकतो. दोन्ही गोष्टी बटण प्रत्यक्ष दाबून एकदा पाहून ठेवाव्यात.

मोटरसाठी ३६ व्होल्टचा, ३५० वॅटचा एसएमपीएस तीन मोटरना पुरतो. तीन मोटर गुणिले तीन अँपिअर असा हिशेब करून लोक गरजेपेक्षा मोठा एसएमपीएस आणतात. परंतु ड्रायव्हर कॉइलमधील करंट तोडून-जोडून राखतो, त्यामुळे पुरवठ्याकडून घेतला जाणारा करंट मोटरच्या करंटपेक्षा बराच कमी असतो. ४८ व्होल्टचा मोह टाळावा. डीएम५४२ची मर्यादा ५० व्होल्ट आहे, आणि जड गॅन्ट्री वेगातून थांबताना मोटर जनरेटरसारखी वागून ते व्होल्टेज वर ढकलते. ड्रायव्हरच्या डिप स्विचवरील ४.२ अँपिअर हा शिखराचा आकडा आहे, त्याचा आरएमएस, म्हणजे परिणामकारक, करंट सुमारे ३ अँपिअर होतो. मोटरच्या पाटीवर ३ अँपिअर असेल तर हीच जागा बरोबर आहे. मोटरच्या चार वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. दोन वायरींची टोके एकत्र धरून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो अडखळत, जड फिरला तर त्या दोन वायरी एकाच कॉइलच्या आहेत. आणि चालू ड्रायव्हरची मोटर उपटू नये. पहिल्या वर्षात प्रत्येक जण एक ड्रायव्हर असाच घालवतो.

कंट्रोलची बाजू, म्हणजे कॉइल, लिमिट आणि सेन्सर, यांना २४ व्होल्टचा वेगळा छोटा एसएमपीएस द्यावा आणि तो कॉन्टॅक्टरच्या आधीच्या बाजूस जोडावा, म्हणजे आणीबाणीचे बटण दाबल्यावरही कंट्रोलची बाजू जिवंत राहते. कोणताही एसएमपीएस बसवण्यापूर्वी त्याच्या कुशीला असलेला ११५/२३० चा सरकता स्विच पाहावा. तो ११५ वर असताना आपल्या पुरवठ्यावर लावला, तर पुढचा आवाज वर्णन करण्याची गरज पडत नाही.

आता आपल्या मूळ दुखण्याची दुसरी बाजू. आपण लिमिट स्विच थेट आर्डुइनोच्या पिनेला आणि ग्राउंडला जोडले असावेत, कारण सगळी चित्रे तसेच दाखवतात. आर्डुइनोचा आतील पुल-अप (पिनेला पाच व्होल्टकडे ओढून ठेवणारा) रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा असतो. पाच व्होल्टला त्यातून फार तर पाव मिलिअँपिअर करंट जातो. दोन मीटर लांब वायर स्पिंडलच्या केबलशेजारून नेल्यावर इतक्या क्षीण सिग्नलला उडवायला कितीसा गोंगाट लागणार? म्हणून मध्ये ऑप्टोकपलरची (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन सर्किटे वेगळी ठेवणाऱ्या घटकांची) पट्टी घालावी आणि स्विचची बाजू २४ व्होल्टवर, पाच ते दहा मिलिअँपिअर करंटने चालवावी. ऑप्टोच्या आउटपुटला आर्डुइनोच्या बाजूस एक किलोओहमचा पुल-अप आणि पिनेपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. एवढे केल्यावर स्विचचा परतीचा रस्ता आणि आर्डुइनोचा परतीचा रस्ता एकमेकांना कुठेही शिवत नाहीत.

स्विच नॉर्मली क्लोज्ड वापरावेत, हे बहुतेकांना ठाऊक असते: वायर तुटली की मशीन थांबते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की तो स्विच कोणत्या बाजूला ठेवायचा हेही महत्त्वाचे आहे. आपण २४ व्होल्टचा मायनस एका जागी अर्थला जोडणार आहोत, असे धरा. स्विच मायनसच्या बाजूला, म्हणजे ऑप्टो आणि शून्य व्होल्ट यांच्यामध्ये असेल, आणि केबल चेनमध्ये घासून तिची वायर गॅन्ट्रीला टेकली, तर गॅन्ट्री अर्थ असल्याने सर्किट पूर्णच राहील. स्विच दाबला तरी कंट्रोलरला तो दाबला गेल्याचे कळणार नाही. हाच स्विच प्लसच्या बाजूला, म्हणजे २४ व्होल्ट आणि ऑप्टो यांच्यामध्ये असेल, तर वायर गॅन्ट्रीला टेकताच फ्यूज उडेल, ऑप्टो विझेल आणि मशीन थांबेल. वायरींची संख्या तीच, खर्च तोच. फरक फक्त जागेचा. प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ येताच चालणारा) घेणार असाल तर याच कारणाने तो पीएनपी (सिग्नलला प्लस देणारा), नॉर्मली क्लोज्ड घ्यावा. स्वस्त संचांत येणारे बहुतेक एनपीएन (सिग्नल मायनसला जोडणारे) असतात. तपकिरी वायर प्लस, निळी मायनस आणि काळी सिग्नल, ही पद्धत दोन्हींत सारखीच असते. अशा जोडणीत सामान्य स्थितीत आर्डुइनोची पिन खाली आणि स्विच दाबल्यावर वर जाते, म्हणून जीआरबीएलमध्ये ‘डॉलर ५’ ($5) या सेटिंगची किंमत १ करावी लागते. जीआरबीएल १.१ मध्ये झेडचा लिमिट बारा क्रमांकाच्या पिनेवर आहे. अकरावी पिन स्पिंडलच्या वेगासाठी गेली आहे, आणि जुनी चित्रे पाहणारे इथे चुकतात.

अर्थिंगसाठी प्लेटवर एक पितळी पट्टी बसवावी आणि पुरवठ्याचा अर्थ, प्लेट, दरवाजा, व्हीएफडी, एसएमपीएस, गॅन्ट्री आणि टेबलाची चौकट या प्रत्येकाची स्वतंत्र वायर त्या पट्टीवर आणावी. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी माळ ओवू नये. लगाखालचा रंग घासून उघडे लोखंड दिसेपर्यंत काढावा आणि दातेरी वॉशर घालावा. आपल्या मशीनचे ॲल्युमिनियम प्रोफाइल ॲनोडाइज्ड असतील. त्यांचा पृष्ठभाग वीज वाहत नाही, म्हणून नटबोल्टने जोडलेले दोन तुकडे विजेच्या दृष्टीने जोडलेले आहेत असे गृहीत धरू नये. स्पिंडलसाठी चार कोअरची शील्डेड (वायरींभोवती धातूची जाळी असलेली) केबल घ्यावी आणि तिचे शील्ड दोन्ही टोकांना, व्हीएफडीच्या अर्थला व स्पिंडलच्या बॉडीला, जोडावे. लिमिटच्या बारीक केबलचे शील्ड मात्र फक्त पेटीच्या टोकाला जोडून दुसरे टोक कापून टेप लावावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी केबल मीटरवर मिळते; दुकानात एक टोक सोलून जाळी खरोखर विणलेली आहे की नुसता चांदीसारखा कागद आहे, ते पाहून घ्यावे.

रंगांचे एक पथ्य मी कसोशीने पाळतो. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल, आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे काळी म्हणजे डीसीचा मायनस. एकाच पेटीत दोन्ही आले, की सहा महिन्यांनी स्वतःच बांधलेल्या पेटीत आपणच फसतो. म्हणून २३० व्होल्टला लाल-काळी, अर्थला हिरवी आणि सगळ्या डीसीला निळी व राखाडी अशी वाटणी करावी आणि प्रत्येक टोकावर नंबरचे फेरूल (खुणेची छोटी नळी) चढवावे. वायरीचे टोक सोल्डरने भिजवून स्क्रूखाली दाबण्याची सवय सोडावी. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू सैल पडतो आणि सैल सांधा तापतो. पिन लग आणि बरे क्रिंपिंग टूल आणावे, दाबल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहावी. मी बांधलेल्या पेट्यांत दर पन्नास-साठ टोकांमागे एखादे तरी हातात येते.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प वापरावा, म्हणजे फेजमध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. त्याआधी व्हीएफडीच्या वायरी सोडून ठेवाव्यात, कारण बल्बमधून त्याला चालवण्यात अर्थ नाही. एसएमपीएस ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. तो पूर्ण तेजाने पेटत राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि आपण एक फ्यूज व बराच धूर वाचवला. त्यानंतर बल्ब काढून २४ आणि ३६ व्होल्ट मोजावेत, प्लग काढून ड्रायव्हर जोडावेत, पुन्हा प्लग काढून मोटर जोडाव्यात. मग जीआरबीएलला प्रश्नचिन्ह पाठवून उत्तर वाचावे. लिमिटचे स्विच एकेक करून हाताने दाबल्यावर त्या त्या अक्षाचे अक्षर दिसले पाहिजे आणि सोडल्यावर गेले पाहिजे. एका स्विचची वायर मुद्दाम टर्मिनलमधून काढावी. तेव्हाही ते अक्षर दिसायला हवे.

सर्वांत शेवटी व्हीएफडी. बॉडीपासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंतचा रोध एक ओहमपेक्षा कमी असल्याची पुन्हा खात्री करावी, कटर न लावता स्पिंडल किमान वेगाने सुरू करावा, आणि दहा-दहा सेकंदांनी वेग वाढवत २४,००० फेऱ्यांपर्यंत, म्हणजे ४०० हर्ट्झपर्यंत न्यावा; या काळात तिन्ही अक्ष एकत्र पुढे-मागे फिरते ठेवावेत. तरीही अलार्म आला, तर लिमिटच्या केबली पेटीच्या बाजूने सोडून ऑप्टोच्या इनपुटला २४ व्होल्ट थेट द्यावेत. अलार्म थांबला तर गोंगाट केबलमधून येत आहे, तिचा मार्ग आणि शील्ड तपासावे. थांबला नाही तर तो यूएसबीतून किंवा पुरवठ्यातून येत आहे. अशा वेळी लॅपटॉप चार्जरविना बॅटरीवर चालवून पाहावा, यूएसबीची केबल आखूड घ्यावी आणि व्हीएफडीच्या इनपुटला फिल्टर लावावा. या चाचणीत काय आढळले ते, आणि चौथ्या पिनेचे मीटरवरील वाचन, मला कळवावे. त्यावरून पुढचे सांगता येईल.